उसनी चाल

चैत्रात रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंतच्या आठवड्यात वर्ध्यापासून हिंगणघाट-आर्वीपर्यंत कोणत्याही गावी जावे, एखाद्या तरी देवळात भजनी मंडळ बसलेले दिसते. पेटीवाल्याने भाता सोडला, तबला लागला, बुवांनी पहिली ओळ उचलली, की दोन-चार क्षणांतच श्रोत्यांत कुजबुज होते, 'अहो, ही तर सिनेमातली चाल!' कोणी हसतो, कोणी नाक मुरडतो. तथापि भजन रंगले, म्हणजे नाक मुरडणाराच टाळी धरून बसलेला आढळतो. हा अनुभव आपणा सर्वांचा आहे.

या कुजबुजीत एक आरोप दडलेला असतो. चाल उसनी आहे, तेव्हा गाणे हलके आहे, असा तो आरोप. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहावे असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी दोन ठिकाणचा इतिहास शेजारी शेजारी ठेवू. एक आपल्या मराठी रंगभूमीचा, आणि दुसरा १८५० च्या सुमाराच्या जर्मनीतला, जेथे दुसऱ्याच्या नाटकातली एक चाल घेऊन एका कलावंताने ऑर्गन या वाद्यासाठी अर्ध्या तासाची अवघड रचना केली. हे दोन्ही इतिहास दिसतात तितके दूरचे नाहीत.

आपल्यापासून आरंभ करू. १८८० च्या ३१ ऑक्टोबर रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. या दिवसापासून मराठी संगीत नाटकाचे युग मोजण्याची प्रथा आहे. या नाटकातली पदे दोनशेच्या घरात. आता, दोनशे पदांना दोनशे नव्या चाली कोण लावणार? अण्णासाहेबांनी तसा हट्ट धरला नाही. साकी, दिंडी, कीर्तनातली वृत्ते, लावणीची वळणे, कर्नाटकातून आलेले सूर, जे लोकांच्या कानांत आधीच होते ते त्यांनी घेतले आणि कालिदासाच्या शकुंतलेच्या तोंडी घातले. प्रेक्षकांना नाटक नवे होते, पण सूर ओळखीचे होते.

पुढे वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नाटककार म्हणून पुढे आले. त्यांचा जन्म नागपूरचा, म्हणजे ते आपल्याच बाजूचे. १८९६ साली त्यांच्या 'वीरतनय' नाटकाने पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या नखरेल, ठेकेदार चाली मराठीत आणल्या. साकी-दिंडीला सरावलेल्या जाणत्यांनी तेव्हाही कुरकुर केलीच. पण तरुण प्रेक्षकांना त्या चाली आवडल्या, आणि मराठी नाटकाचे गाणे एका नव्या वाटेला लागले.

त्यानंतर १९११ साल उजाडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. टेंबे हे कोल्हापूरकडचे, पेटीवर असामान्य हात असलेले. त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, कजरी यांचा खजिना मराठी रंगभूमीला उघडून दिला. पाच वर्षांनी, १९१६ साली, 'स्वयंवर' नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या भारदस्त बंदिशींवर पदे बसवून घेतली. बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी ज्या सुरांनी घरोघर पोहोचली, त्यांतले बहुतेक सूर मुळात दुसऱ्या भाषेतल्या, दुसऱ्या प्रसंगाच्या गाण्यांचे होते.

यात लपवाछपवी नव्हती, हे ध्यानात घ्यावे. त्या काळच्या नाटकांची छापील पुस्तके कोणाच्या घरी जुन्या ट्रंकेत असतील, तर जरूर काढून पाहावीत. बहुतेक पदांच्या माथ्यावर राग दिला आहे, ताल दिला आहे, आणि त्यापुढे 'चाल' असा शब्द छापून मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिले आहेत. हे पद अमक्या गाण्याच्या चालीवर आहे, अशी ही जाहीर पावतीच होय. वाचणारा ती चाल जाणत असेल तर त्याला पद लगेच म्हणता यावे, हा त्यातला व्यवहार होता. पण व्यवहारातून एक सभ्यताही आपोआप पाळली गेली. उसने घेतले ते सांगून घेतले.

आता या गाण्यांच्या साथीकडे वळू. आरंभी रंगभूमीवर सारंगी आणि तबला असे. मग पेटी आली आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात ऑर्गन आला. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, आणि शेजारी ऑर्गनचा भरदार सूर, ही साथ ज्यांनी ऐकली त्यांनी तिच्या आठवणी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या. हा ऑर्गन म्हणजे पायांनी भाता हलवून वाजवायची मोठी पेटीच. दोहोंच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात, हवा त्यांच्यावरून गेली की त्या कंप पावतात आणि सूर निघतो. फरक इतकाच की पेटीत हवा आतून बाहेर दाबली जाते, आणि रंगभूमीवर रुळलेल्या अमेरिकन घडणीच्या ऑर्गनमध्ये ती बाहेरून आत ओढली जाते. त्यामुळे त्याचा सूर अधिक गोल आणि मऊ वाटतो.

साथीला बसलेले हे वाद्य पुढे स्वतंत्रपणेही बोलू लागले. टेंबे स्वतः पेटीचे एकल वादन करीत. त्यांच्या मागून पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर अशी वादकांची परंपरा झाली. पटवर्धन १९९६ साली गेले, बोरकर २०१८ साली. एखाद्या नाट्यपदाची चाल घ्यावी, शब्दांवाचून ती बोटांनी गावी, मग तिला आलापाने फुलवावे, तानांनी खेळवावे आणि पुन्हा मूळ मुखड्यावर आणून ठेवावे, ही त्यांची रीत. येथे उसनवारीचा दुसरा मजला चढतो. ठुमरीवरून पद झाले, पदावरून पेटीचे वादन झाले. मूळ गाणारीचे शब्द गेले, नाटककाराचेही शब्द गेले, चाल मात्र उरली आणि वाढली.

नेमकी हीच गोष्ट युरोपात एका मोठ्या कलावंताने केली होती. येथून आपण त्याच्याकडे जाऊ. वाट आपल्या पेटीतूनच जाते. ज्याला हार्मोनियम म्हणतात त्या वाद्याचे पेटंट अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले. तेथून ते वाद्य हिंदुस्थानात आले, कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीचे रूप दिले, आणि ते देवळादेवळांत गेले. त्याच पॅरिसमध्ये १८५४ साली बनविलेले एक जोडवाद्य, ज्यात पियानो आणि हार्मोनियम एकाच पेटाऱ्यात बसविले होते, जर्मनीत वायमार येथे फ्रान्झ लिस्ट याच्या घरी होते. म्हणजे आपल्या भजनी मंडळातल्या पेटीची एक चुलतबहीण त्याच्या बैठकीत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

लिस्ट हा जन्माने हंगेरीचा. त्याचा जन्म १८११ चा, मृत्यू १८८६ चा. पियानोवादक म्हणून त्याने सारे युरोप फिरून गाजविले. मात्र १८४७ साली, ऐन भरात असताना, त्याने पैशासाठी मैफली करण्याचे सोडून दिले आणि वायमारच्या दरबारात संगीत संचालनाचे काम पत्करून तो रचनेकडे वळला. याच वायमारला त्याच्या आधी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी थोर रचनाकार बाख हा दरबारी ऑर्गनवादक होता.

त्या सुमारास पॅरिसमध्ये एक नाटक गाजत होते. ते युरोपीय पद्धतीचे संगीत नाटक, ज्याला ऑपेरा म्हणतात, त्यातले. नाव 'ल प्रोफेट', म्हणजे 'प्रेषित'. संगीत ज्याकोमो मायरबेअर याचे. १६ एप्रिल १८४९ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. रंगभूमीवर विजेच्या दिव्याने सूर्योदय दाखविला होता आणि बर्फावरच्या खेळासाठी नर्तक चाकांचे बूट घालून घसरत होते, यावरून त्या थाटाची कल्पना यावी. कथानक सोळाव्या शतकातले. १५३४-३५ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात एका पंथाने बंड करून आपले राज्य स्थापिले होते. लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, कळत्या वयात पुन्हा घ्यावा, असे हा पंथ मानी. नाटकात या पंथाचे तिघे उपदेशक पहिल्याच अंकात येतात आणि लॅटिन भाषेत एक गंभीर स्तोत्र म्हणतात. या तारक जलाकडे या, असे ते दुःखी जनांना आवाहन करतात. ऐकणाऱ्याला वाटावे की हे एखादे शेकडो वर्षांचे जुने चर्चमधले स्तोत्र आहे. वस्तुतः ती चाल मायरबेअरने स्वतः नव्याने बांधलेली होती. आणि तिघे उपदेशक तरी कसे? नाटकाच्या शेवटाकडे ते आपला जीव वाचविण्यासाठी स्वतःच उभ्या केलेल्या प्रेषिताला शत्रूच्या हाती द्यावयास निघतात. चाल साधूची, तोंड लबाडाचे, असा तो प्रकार.

ही चाल लिस्टने उचलली. १८५० च्या हिवाळ्यात त्याने तिच्यावर ऑर्गनसाठी एक रचना केली आणि १८५२ साली ती छापली. रचनेचे नावच मुळी त्या स्तोत्राच्या लॅटिन शब्दांवरून ठेवले आहे: 'आद नोस, आद सालुतारेम उंदाम'. आपल्या नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापीत, तसेच हे.

हा ऑर्गन मात्र आपल्या रंगभूमीवरचा नव्हे. हे चर्चमधले वाद्य. यात जिभांबरोबर हजारो नळ्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेक बासरीच्या जातीच्या. ज्या वाद्यावर ही रचना प्रथम गाजली तो ऑर्गन फ्रीडरिश लाडेगास्ट या कारागिराने मेर्सेबुर्ग शहराच्या मोठ्या चर्चमध्ये उभारला होता. त्यात हातांनी वाजवायच्या पट्ट्यांचे चार मजले, शिवाय पायांनी वाजवायची एक पट्टी, एक्याऐंशी स्वरभेद आणि साडेपाच हजारांहून अधिक नळ्या. त्या काळी अशा वाद्याचा भाता माणसे आपल्या अंगाच्या भाराने दाबीत. २६ सप्टेंबर १८५५ रोजी या ऑर्गनचे उद्घाटन झाले, त्या वेळी लिस्टचा एकवीस वर्षांचा शिष्य आलेक्सांडर विंटरबेर्गर याने ही रचना वाजविली. दोन हात आणि दोन पाय यांना अर्धा तास क्षणाची उसंत न देणारी ही रचना आहे. पाय येथे ताल धरण्यासाठी नसतात, ते स्वतंत्र गाणे गातात.

ही रचना ऐकावी कशी, ते थोडक्यात सांगतो. आपल्या कानांना ती परकी वाटेल ही भीती नको. तिचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात आपण चालीची वाट पाहतो, पण ती पुरती येत नाही. तिचे पहिले दोन-तीन सुरांचे तुकडे तेवढे येतात, कधी खाली पायांत, कधी वर हातांत, आणि वादळासारखे वाढत जातात. सूर पांढरी एकचा, पण गांधार कोमल, म्हणून सारा भाग काळोखा वाटतो. मैफलीत गवई मुखडा पुरता न उलगडता नुसत्या आलापात रागाची चाहूल देत राहतो, तेव्हा आपण जसे कान टवकारतो, तसे येथे होते.

दुसरा भाग शांत. वाद्य एकदम हलक्या आवाजात बोलू लागते आणि षड्ज बदललेला असतो. पांढरी एकवरून तो काळी तीनवर जातो, म्हणजे मूळ षड्जापासून तीव्र मध्यमावर, जितके दूर जाता येईल तितके दूर. आणि त्या दूरच्या ठिकाणी, जिकडे कोणाचे लक्ष नव्हते तिकडे, स्तोत्राची चाल प्रथमच पहिल्यापासून शेवटपर्यंत, साधी, कसलाही अलंकार न घालता येते. आम्हांस या रचनेतला सर्वात सुंदर क्षण हाच वाटतो. इतका वेळ जिचे तुकडे आपटत होते ती बाई शांतपणे दारात येऊन उभी राहावी, तसे होते.

तिसरा भाग म्हणजे 'फ्यूग'. याला मराठीत शब्द नाही, पण आपल्याकडचे चक्री भजन आठवावे. चक्री भजनात एकाचे संपते न संपते तोच दुसरा उचलतो, साखळी तुटत नाही. फ्यूगमध्ये याच्याही पुढची मजल असते. पहिल्याने चाल म्हणून टाकली, की दुसरा तीच चाल दुसऱ्या सुरावरून सुरू करतो, पण पहिला थांबत नाही, तो तिच्याशी जुळेल असे दुसरे काही गात राहतो. मग तिसरा येतो, मग चौथा. एकाच माणसाच्या हातापायांनी ही चार जणांची सभा भरते. येथे मूळ चालीला लिस्टने टोकदार, उड्या मारणारा ठेका दिला आहे, त्यामुळे ती ओळखूही येते आणि नवीही वाटते. ही सभा वाढत वाढत शेवटी फुटते, आणि सारे वाद्य खुले करून स्तोत्र पुन्हा येते. आता षड्ज पुन्हा पांढरी एक, पण गांधार शुद्ध. ज्या सुरावर काळोख होता त्याच सुरावर उजाडते. लबाडांच्या तोंडचे स्तोत्र येथे खरे झाले, असे ऐकणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

मूळ चाल मायरबेअरची. तिचे श्रेय त्याचेच. पण ती दूर नेणे, लपविणे, उघडी करणे, चौघांत वाटणे आणि पुन्हा एकत्र आणणे, हे सारे लिस्टचे. उसनवारीमुळे रचना हलकी होते, या आरोपाला हे उत्तर पुरेसे आहे.

परंतु या हकिगतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. मायरबेअर हा ज्यू होता. ज्या १८५० साली लिस्ट त्याची चाल हाती घेत होता, त्याच सालच्या सप्टेंबरात जर्मनीतल्या एका संगीतविषयक नियतकालिकात ज्यू संगीतकारांवर जहरी टीका करणारा लेख आला. खाली टोपणनाव होते. लिहिणारा होता रिखार्ड वाग्नर. मायरबेअरचे नाव त्याने घेतले नव्हते, पण रोख त्याच्याकडेच होता. याच मायरबेअरने वाग्नरच्या पडत्या काळात त्याची नाटके रंगभूमीवर यावीत म्हणून शब्द टाकला होता. लिस्ट तर वाग्नरचा जिवलग मित्र. लेखाच्या जेमतेम आठवडाभर आधी, २८ ऑगस्ट रोजी, त्याने वाग्नरचे 'लोहेनग्रिन' वायमारला प्रथम रंगभूमीवर आणले होते. अशा वेळी लिस्टला मायरबेअरपासून चार हात दूर राहणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. रचना छापली तेव्हा ती मायरबेअरलाच अर्पण केली. ऋण घेणाऱ्या एकाने आपले नाव लपवून देणाऱ्याची निंदा केली, आणि दुसऱ्याने देणाऱ्याचे नाव छापून ते मान्य केले. वाग्नरची प्रतिभा यामुळे कमी ठरत नाही. पण उसने घ्यावे कसे, याचा धडा घ्यावयाचा असेल तर तो लिस्टकडून घ्यावा.

हा धडा आपल्या जमाखर्चाला लावून पाहिला, म्हणजे थोडे अस्वस्थ व्हावे लागते. आपल्या नाटकांच्या पुस्तकांत 'चाल' छापली आहे, हे आम्ही वर कौतुकाने सांगितले. ते कौतुक कायम ठेवूनही एक प्रश्न उरतो. त्या 'चाल' शब्दापुढे गाण्याचे शब्द आहेत, गाणाऱ्याचे नाव नाही. ठुमरी, दादरा, कजरी हे गाणे बनारस-लखनौकडे ज्यांनी जिवंत ठेवले, घडविले, पिढ्यानुपिढ्या गळ्यातून गळ्यात पोहोचविले, त्यांत मोठा वाटा गाणाऱ्या स्त्रियांचा होता. प्रतिष्ठित समाजाने त्यांचे गाणे ऐकले, पण त्यांना आपल्या दारात उभे केले नाही. त्यांच्या चाली मात्र पुरुष नटांच्या गळ्यातून, मराठी शब्दांचे वस्त्र लेऊन, आपल्या माजघरापर्यंत आल्या. आमच्या आज्या दळताकांडताना, पोरांना जोजविताना ज्या ओळी गुणगुणत, त्यांतला सूर कोणा अनोळखी बाईने आपल्या कोठीवर घडविला असेल, हे त्यांना कोणी सांगितले नाही. नाटककार, संगीतकार, नट यांचे आम्ही उत्सव केले, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या नावाची जागा मात्र कोरी राहिली.

टेंबे वा भास्करबुवा यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी त्या सुरांवर प्रेम केले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत आले. समाज ज्यांना नाव देत नव्हता त्यांचे नाव छापण्याची रीत तेव्हा नव्हती. पण आपण त्या काळात राहत नाही. आपणाला ती पोकळी दिसते, तेव्हा ती भरण्याचा प्रयत्न आपण केला पाहिजे.

आणि हे सांगावयास वर्ध्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. येथून जवळच सेवाग्रामच्या आश्रमात सर्व धर्मांच्या प्रार्थना एकाच बैठकीत म्हटल्या गेल्या, आणि कोणती कोणाकडून घेतली हे झाकण्याची गरज कोणास वाटली नाही. याच वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांना खुले केले. दार उघडणे म्हणजे काय, हे या गावाला शिकवावे लागत नाही. आम्ही एवढेच जोडू इच्छितो, की ज्याला आत घेतले त्याला नावानेही हाक मारली पाहिजे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. पुढच्या खेपेस देवळात भजन बसेल, किंवा शाळेच्या संमेलनात एखादे नाट्यपद होईल, तेव्हा बुवांनी अथवा सूत्रसंचालकांनी आरंभी एक वाक्य बोलावे. ही चाल अमक्या संगीतकाराची, अमक्या चित्रपटातली, अमकीने गायिलेली. नाव ठाऊक नसेल तर 'उत्तरेतल्या गाणाऱ्या बायांकडून आलेली' एवढे तरी म्हणावे. याने भजनाचा रंग उतरणार नाही. कोणी कुजबुजणारा असेल त्याची कुजबुजही मिटेल, कारण जे उघड सांगितले ते कानात सांगण्यात मौज राहत नाही. त्यानंतर पेटीवाल्याने भाता सोडावा, आणि उसनी चाल आपली करून गावी.